अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा: कुटुंब एक, पण अर्ज प्रत्येकाचा वेगळा! काय आहेत नियम?

मुलगी अमेरिकेत नोकरीला, तिच्या बाळंतपणासाठी आई-बाबा निघायच्या तयारीत. महाराष्ट्रातील अनेक घरांत हे चित्र आता नेहमीचे झाले आहे. बोलावणारी आपलीच मुलगी, तेव्हा व्हिसा मिळायला कसली अडचण, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात कुटुंब एकत्र मुलाखतीला जाऊ शकते, पण निर्णय प्रत्येकाचा स्वतंत्र होतो. अर्ज करण्यापूर्वी कोणत्या गोष्टी माहीत हव्यात, जाणून घेऊया.

किती अर्ज भरायचे?

पर्यटन किंवा नातेवाइकांच्या भेटीसाठी बी१/बी२ व्हिसा लागतो. त्याचा डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज प्रत्येकाचा वेगळा भरावा लागतो, अगदी तान्ह्या बाळाचाही. पहिला अर्ज सबमिट झाल्यावर कुटुंबातील पुढच्या व्यक्तीचा अर्ज सुरू करण्याचा पर्याय मिळतो. त्यात काही माहिती आपोआप भरली जाते. ती तपासूनच पुढे जावे. प्रत्येक अर्जाचा कन्फर्मेशन क्रमांक वेगळा असतो. ग्रुप अपॉइंटमेंट घेताना ज्याचा क्रमांक त्याच्याच नावापुढे टाकावा.

खर्च किती?

जून २०२३ पासून अर्जाचे शुल्क माणशी १८५ डॉलर आहे. म्हणजे चौघांचे ७४० डॉलर. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. जुलै २०२५ च्या अमेरिकी कायद्यात व्हिसा मिळणाऱ्यांसाठी २५० डॉलरच्या वेगळ्या शुल्काचीही तरतूद आहे. त्यामुळे पैसे भरण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर चालू दर पाहावेत.

मुले आणि आजी-आजोबांना मुलाखतीतून सूट आहे का?

पूर्वी १४ वर्षांखालील मुले आणि ७९ वर्षांवरील ज्येष्ठांना सहसा सूट मिळत असे. २ सप्टेंबर २०२५ पासून त्यांनाही साधारणपणे मुलाखत द्यावी लागते.

मुलांचे आमंत्रणपत्र किती उपयोगाचे?

इथेच अनेकांचा गैरसमज होतो. व्हिजिटर व्हिसासाठी आमंत्रणपत्र किंवा खर्चाचे हमीपत्र बंधनकारक नाही. मुलाचा अमेरिकेतील पगार कितीही असला, तरी अर्जदार भारतात परत येईल का, हाच अधिकाऱ्यापुढचा मुख्य प्रश्न असतो. पेन्शन, घर, शेती, दुकान, इथे राहणारी दुसरी मुले, नोकरीतील रजा ही माहिती म्हणूनच महत्त्वाची ठरते. प्रश्न थेट आईलाही विचारला जाऊ शकतो. कुठे जाणार, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, हे तिला स्वतःला सांगता यायला हवे.

काय लपवू नये?

अमेरिकेत मुलगा, मुलगी किंवा भावंड आहे का, आपल्यासाठी ग्रीन कार्डची याचिका दाखल झाली आहे का, अर्ज भरायला कोणी मदत केली का, हे अर्जात विचारले जाते. ‘नाही म्हटले की काम सोपे’ हा सल्ला महागात पडतो. जाणीवपूर्वक दिलेली खोटी माहिती उघड झाल्यास अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. फॉर्म एजंटने भरला तरी उत्तरांची जबाबदारी अर्जदाराचीच.

एकाला मिळाला, दुसऱ्याला नाही तर?

असे होऊ शकते. परत येण्याबद्दल अधिकाऱ्याची खात्री न पटल्यास कलम २१४(बी) खाली व्हिसा नाकारला जातो. त्यावर अपील नाही. नवे शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो, पण परिस्थितीत काही बदल नसेल तर निकालही तोच येण्याची शक्यता जास्त. म्हणून सर्वांचे व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारी तिकिटे काढू नयेत.

किती दिवस राहता येते?

भारतीयांना हा व्हिसा बहुतेक वेळा १० वर्षांचा मिळतो. याचा अर्थ सलग १० वर्षे राहता येते असा नाही. मुक्कामाची मुदत विमानतळावरील अधिकारी ठरवतो. ती सहसा सहा महिन्यांपर्यंत असते. ही तारीख आय-९४ या ऑनलाइन नोंदीत दिसते. तीही प्रत्येकाची वेगळी असते. त्यामुळे अमेरिकेत पोहोचल्यावर आई आणि बाबा, दोघांच्याही नोंदी स्वतंत्रपणे तपासाव्यात.