कुत्र्यांनी झाडावर चढविलेला सिंह!

कुत्रा आणि बिबट्या यांचे नाते कसे असते, हे जुन्नरकडच्या कोणत्याही शेतकऱ्यास विचारावे. रात्री ओसरीत बांधलेला कुत्रा सकाळी नाहीसा झालेला, मागे उरली ती तुटकी साखळी, हा तिकडचा ओळखीचा अनुभव. तेव्हा अमेरिकेत चार-पाच कुत्री बिबट्याएवढ्या जनावराला झाडावर पिटाळतात आणि ते बिचारे फांदीवर बसून खाली टकमका पाहत राहते, असे कुणी सांगितले तर वाचक म्हणतील, ही खास दिवाळी अंकातली थाप! परंतु ही थाप नव्हे. तिकडच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत हा हिवाळी उद्योग शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे, आणि तो चालावा की बंद व्हावा यावरून तेथे निवडणुकीत मतेही पडली आहेत.

हे जनावर म्हणजे प्यूमा. त्यालाच कुणी कूगर म्हणतात, कुणी माउंटन लायन, म्हणजे डोंगरी सिंह. नावात सिंह असला तरी याला आयाळ नाही, आणि गर्जनाही करता येत नाही. खूष झाला की हा घरच्या मांजरासारखा घुरघुरतो. अंगावर ठिपके नाहीत, रंग वाळल्या गवताचा. नर साठ-सत्तर किलोंचा, मादी त्याहून बरीच लहान. मोठे हरीण एका झडपेत लोळविणारा हा प्राणी वीस-पंचवीस किलोंच्या कुत्र्याला का भ्यावा?

याचे उत्तर त्याच्या छातीत आणि त्याच्या पूर्वेतिहासात आहे. प्यूमा दबा धरून झडप घालणारा. पहिल्या काही उड्यांत त्याच्यासारखा चपळ कुणी नाही. पण दम तोकडा. कुत्रे मैलोगणती धावू शकते, प्यूमाची छाती थोड्याच वेळात भरून येते. शिवाय हजारो वर्षे तो लांडग्यांच्या शेजारी राहिला आहे. लांडग्यांची टोळी दिसली की झाड किंवा कडा गाठावा, ही अक्कल त्याच्या रक्तात मुरलेली. कुत्र्यांचे भुंकणे ऐकले की तो तेच करतो. लांडगा झाडाखालून कंटाळून निघून जातो. कुत्र्यांच्या मागून मात्र माणूस येत असतो, एवढेच त्याला ठाऊक नसते.

कुत्रीही साधीसुधी नव्हेत. आपली कारवान किंवा मुधोळ जातीची कुत्री डोळ्यांनी शिकार करतात; ससा दिसला की सुटली. अमेरिकेतील ही लांब कानांची कुत्री नाकाने शिकार करतात. ब्लडहाउंड, वॉकर, ब्लूटिक, रेडबोन अशा त्यांच्या जाती. प्लॉट नावाच्या जातीचे मूळ अठराव्या शतकात जर्मनीहून नॉर्थ कॅरोलिनात आलेल्या प्लॉट घराण्याच्या कुत्र्यांत आहे. आपल्याकडे घराण्याचे गाणे असते, तशी तिकडे घराण्याची कुत्री!

शिकारीचा दिवस पहाटेच्या काळोखात सुरू होतो. रात्री ताजे बर्फ पडले असेल तर उत्तम. डोंगरातल्या वाटांवर कंदिलाच्या उजेडात (हल्ली मोटारीच्या दिव्यांत) माग शोधावयाचा. कुत्र्याच्या पावलात नखे उमटतात, प्यूमाच्या पावलात बहुधा नाहीत. ताजा माग दिसला की टोळीतले सर्वांत म्हातारे, सर्वांत भरवशाचे कुत्रे आधी सोडतात. त्याने साक्ष दिली की मग बाकीची. ॲरिझोनासारख्या कोरड्या मुलखात बर्फ नाही. तेथे दव सुकण्याआधी खडकावरून वास उचलावा लागतो, आणि तो उचलणारे नाक हजारांत एखादे. तेथील शिकारी खेचरावर बसतात, कारण त्या खडकाळ उतारावर घोड्यापेक्षा खेचराचा पाय अधिक विश्वासाचा.

यापुढचा खेळ सगळा कानांचा. शिकारी टेकाडावर उभा राहून ऐकतो. माग शिळा असेल तर दरीतून मधूनच एखादा लांब हेल ऐकू येतो. माग ताजा होत गेला की आवाज दाट होतात. जनावर उठले की सारी टोळी एकदम ओरडू लागते. आणि एकाएकी सूर बदलतो: लांब हेल संपून तुटक, ठोके दिल्यासारखे भुंकणे सुरू होते. याचा अर्थ, चढले झाडावर! जाणता शिकारी दोन मैलांवरून आपले कोणते कुत्रे काय म्हणते आहे हे सांगतो. आता कुत्र्यांच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारे पट्टे आले आहेत आणि हातातल्या यंत्रावर सारे दिसते. जुन्या लोकांना ते फारसे आवडत नाही, आणि त्यांचे म्हणणे मला पटते.

या शिकारीचा सर्वांत नामांकित शौकीन म्हणजे थिओडोर रूझवेल्ट. 1901 च्या जानेवारीत, अमेरिकेचे उपाध्यक्ष म्हणून निवडून आलेला पण अजून शपथ न घेतलेला हा गृहस्थ कोलोरॅडोतील मीकर गावी जॉन गॉफ नावाच्या वाटाड्याकडे दाखल झाला. पाच आठवड्यांत त्याने स्वतः बारा प्यूमा मारले. त्यांपैकी काही, कुत्र्यांनी धरून ठेवले असता, चक्क सुऱ्याने! सर्वांत मोठा नर 227 पौंडांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने 103 किलोंचा भरला. कवट्या त्याने सरकारी प्राणिशास्त्रज्ञ डॉ. मेरियम यांच्याकडे अभ्यासासाठी धाडल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अध्यक्ष मॅकिन्ले यांचा खून झाला आणि रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाला. पुढे 1905 साली कोलोरॅडोतच अस्वलांच्या शिकारीस गेला असता गॉफच्या टोळीतले स्किप नावाचे एक चिमुकले कुत्रे त्याला इतके आवडले की ते थेट व्हाइट हाउसमध्ये राहावयास आले आणि अध्यक्षांच्या मांडीवर झोपू लागले. रानातल्या कुत्र्याचे नशीब असे फळफळावे!

तो काळ प्यूमा म्हणजे शत्रू असे मानण्याचा होता. कॅलिफोर्निया राज्याने 1907 पासून 1963 पर्यंत मारलेल्या प्रत्येक प्यूमामागे इनाम दिले. बारा हजारांहून अधिक जनावरांची इनामे चुकती झाली. न्यू मेक्सिकोत बेन लिली नावाचा एक फिरस्ता शिकारी होता. त्याच्याविषयी सांगतात की रविवारी तो शिकार करीत नसे. शनिवारी रात्री कुत्र्यांनी प्यूमा झाडावर चढविला तर हा देवभोळा माणूस खाली बसून राही आणि सोमवारी सकाळी गोळी घाली. प्यूमास एक दिवसाचे आयुष्य अधिक मिळे, पण तेही फांदीवर!

1906 साली रूझवेल्टनेच ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेकडील कैबाब पठारावर हरणांसाठी राखीव रान जाहीर केले. हरणे वाढावीत म्हणून त्यांचे शत्रू मारावयाचे, असा सरळ हिशेब. तेथील रखवालदार 'अंकल जिम' ओवेन्स याने आपल्या कुत्र्यांच्या मदतीने पाचशेवर प्यूमा मारल्याचे प्रसिद्ध आहे. 1913 साली माजी अध्यक्ष झालेला रूझवेल्ट आपल्या दोन मुलांना घेऊन त्याच्याकडे शिकारीस गेला होता. हरणे वाढली खरी. चार हजारांची 1924 पर्यंत लाखभर झाली असा एक अंदाज होता. दुसरे अंदाज याहून पुष्कळ कमी होते. पण झाडांची पालवी तोंड पोहोचेल तेथवर ओरबाडली गेली होती, हे कुणीच नाकारीत नव्हते. त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत हजारो हरणे उपाशी मेली. दोष सगळा प्यूमा मारण्याचाच होता असे नाही. गुरे-मेंढ्या हटविल्याने चारा वाढला आणि माणसाने हरणांची शिकारही बंद केली होती, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखविले. तरी 'वाघ मारा, हरीण वाढेल' हा हिशेब इतका सोपा नाही, हे उघड झाले.

आणि मग एका माणसाने तीच कुत्री, तोच बर्फातला माग, तेच झाड घेतले आणि बंदूक बदलली. मॉरिस हॉर्नॉकर हे त्याचे नाव. मोंटानात त्याने प्यूमांना खुणा करून सोडण्यास प्रारंभ केला, तर त्याचे खुणा केलेले प्यूमा इतर शिकाऱ्यांनीच मारले. तेव्हा 1964 साली तो आयडाहोच्या निर्मनुष्य रानात गेला. सोबतीला विल्बर वाइल्स हा तेथलाच मुरलेला शिकारी आणि त्याची कुत्री. रस्ता नाही, पाठीवर सामान, बर्फातून पायी प्रवास. कुत्र्यांनी प्यूमा चढविला की गुंगीच्या औषधाची सुई झाडावयाची आणि औषध पुरते चढले की स्वतः झाडावर चढून त्याला दोराने अलगद खाली उतरवावयाचे. वजन, दात, कानाला बिल्ला, गळ्यात पट्टा, आणि जनावर शुद्धीवर येईपर्यंत जवळपास थांबावयाचे. चाळीसहून अधिक प्यूमा त्यांनी असे पुन:पुन्हा पकडले. बंदूकवाल्याचे काम जेथे संपते तेथे यांचे सुरू होई. आणि माझ्या मते खरे धाडसही तेथेच लागते.

हॉर्नॉकरने जे पाहिले त्याने जुन्या इनामदारांची तोंडे बंद झाली. त्या रानात प्यूमा असूनही त्या वर्षांत हरणे आणि एल्क वाढतच होती. प्यूमांची संख्या मात्र वाढत नव्हती. प्रत्येकाचा मुलूख ठरलेला. एकाच्या मुलखातून दुसरा जातो तोही खुणा पाहून, गाठ टाळून. त्यांची संख्या त्यांची त्यांनीच आवरलेली होती.

फ्लॉरिडाची कथा याच्याही पुढची. तेथील दलदलीत प्यूमा उरले आहेत की नाहीत हेच कुणास ठाऊक नव्हते. रॉय मॅक्ब्राइड या टेक्ससच्या शिकाऱ्यास कुत्र्यांसह बोलाविले. 1973 साली त्याच्या कुत्र्यांनी एक म्हातारी मादी झाडावर चढवून साक्ष दिली. पुढे कळले की वीस-तीसच उरले आहेत आणि जवळच्या नात्यातल्या जोड्यांमुळे शेपट्या वाकड्या, हृदये दुबळी झाली आहेत. 1995 साली टेक्ससहून आठ माद्या आणून सोडल्या. आज तेथे 120 ते 230 प्यूमा असावेत असा अंदाज आहे.

मग वाद राहिला कशाचा? वाद आहे तो छंदापायी होणाऱ्या शिकारीचा. कित्येक हजार डॉलर मोजून आलेला पाहुणा अनेकदा मागाहून झाडाखाली पोहोचतो आणि वर बसलेल्या जनावरावर गोळी झाडतो. शिकारी म्हणतात, झाडावरचे जनावर नीट दिसते, मादी असेल तर सोडून देता येते. रानात अचानक समोर आलेल्याबाबत ते जमत नाही. यात तथ्य आहे. विरोधक म्हणतात, पिले बिळात ठेवून आलेली आई झाडावरून काही सांगत नाही. आणि आई गेली तर वर्ष-दीड वर्ष तिच्यावर अवलंबून असणारी पिलेही गेलीच. यातही तथ्य आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1990 साली छंदाची शिकार पुरती बंद केली; ओरेगॉनने 1994 साली व वॉशिंग्टन राज्याने 1996 साली प्यूमामागे कुत्री घालण्यास मनाई केली. 2024 च्या नोव्हेंबरात रूझवेल्टच्या कोलोरॅडोत बंदीचा प्रस्ताव आला, तो मात्र मतदारांनी फेटाळला. दरम्यान आयडाहोच्या रानात 1995 पासून लांडगे पुन्हा आणून सोडले आहेत, आणि आता ते अधूनमधून शिकाऱ्यांची कुत्रीच मारतात!

बंदूकवाल्यांतही एखादा वेगळा निघतो. 7 मार्च 1996 रोजी ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवरील पेलोन्सिलो डोंगरात वॉर्नर ग्लेन हा पिढीजात शिकारी खेचरावर बसून प्यूमाच्या मागावर होता. कुत्र्यांनी जनावर कड्यावर कोंडले. जवळ जाऊन पाहतो तो अंगावर काळी फुले: जग्वार! त्या देशातून हा प्राणी जवळजवळ नाहीसाच झाला होता. ग्लेनने बंदूक नव्हे, कॅमेरा काढला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जिवंत रानटी जग्वाराची छायाचित्रे घेतली गेली ती ही पहिली. मग तो कुत्र्यांना मागे ओढावयास पुढे झाला, तोच जग्वार त्याच्यावर धावून आला. कुत्री मध्ये पडली म्हणून तो वाचला. कुत्र्यांना कसेबसे आवरून त्याने वाट मोकळी केली, आणि जग्वार आपल्या वाटेने निघून गेला.