जुन्या छायाचित्रातील मोटार

भंडारा जिल्ह्यातील एका गावी माझे ८६ वर्षांचे एक रुग्ण राहतात. त्यांना स्मृतिभ्रंश आहे. सकाळी काय खाल्ले हे त्यांना आठवत नाही. परंतु ‘हँडलाने बाबांचा हात मोडला’ हे वाक्य ते दिवसातून अनेकदा उच्चारतात. कोणते हँडल, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ‘डॉक्टरसाहेब, मामाजी आता काहीबाही बोलतात,’ असे सूनबाई थकून म्हणाल्या.

दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेत एक पिवळसर छायाचित्र सापडले. वाड्यापुढे उघड्या टपाची मोटार आणि शेजारी फेटा बांधलेले गृहस्थ. नातवाच्या मते ती रोल्स-रॉइस होती. आम्ही मोबाइलवर छायाचित्र मोठे करून पाहिले. चाकांना लाकडी आरे होते, सुकाणू उजवीकडे होते आणि रेडिएटरवर वळणदार अक्षरांत ‘फोर्ड’ असे लिहिलेले होते. ही फोर्डची मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. ब्रिटिश साम्राज्यातील देशांना त्या प्रामुख्याने कॅनडातील कारखान्यातून जात. १९१७च्या मॉडेलपासून रेडिएटरचे आवरण काळे झाले. त्याआधी ते पितळी असे. या छायाचित्रात ते लखलखत होते. अर्थात गाडी जुनी असली तरी छायाचित्र पुष्कळ नंतरचे असू शकते; अशा गाड्या अनेक वर्षे वापरात असत.

रेडिएटरखाली लोंबणारा वाकडा दांडा दिसला आणि मला उलगडा झाला. तो हाताने फिरवून इंजिन सुरू करावे लागे. ठिणगीची वेळ चुकल्यास इंजिन उलटा झटका देई आणि मनगटाजवळचे हाड मोडे. अशा अस्थिभंगाला आमच्या शास्त्रात आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. आजोबांच्या बोलण्याला अर्थ होता. तो आम्हालाच कळला नव्हता.

छायाचित्र हाती देताच त्यांनी रेडिएटरवर बोट ठेवले. ‘पितळ आहे. आई चिंचेने घासायची.’ पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्यात याहून स्वाभाविक आठवण कोणती?

वाचकहो, स्मृतिभ्रंशात ताज्या आठवणी आधी पुसतात; जुन्या बहुधा अधिक काळ टिकतात. छायाचित्रांनी आजार बरा होत नाही, मात्र संवादाची वाट उघडते. काही पथ्ये पाळावीत. ‘ओळखा पाहू, हे कोण?’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘ही गाडी किती सुंदर आहे!’ असे म्हणून थांबावे. चष्मा स्वच्छ असावा, उजेड पुरेसा असावा आणि एका वेळी एकच छायाचित्र दाखवावे. डोळे पाणावले तर हात हाती घ्यावा. अस्वस्थता वाढल्यास विषय बदलावा. मिळालेली माहिती मागील बाजूस मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहावी.

एक इशारा मात्र ध्यानी ठेवावा. असंबद्ध बोलणे एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाले, तर ते वयावर ढकलू नये. जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियमची कमतरता किंवा एखादे औषध त्यामागे असू शकते. त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

ते वाक्य आजोबा अजूनही उच्चारतात. सूनबाई आता हातातले काम ठेवून विचारतात, ‘मग काय झालं, मामाजी?’