काठीचा कणा

तुमची लाकडी पट्टी हातात घ्या. ती आडवी धरून वाकवा. ती सहज वाकते. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून वाकवा. ती वाकत नाही. पट्टी तीच, लाकूड तेच, जोरही तेवढाच. मग फरक कशामुळे पडला? ज्या दिशेने आपण वाकवतो, त्या दिशेला जाडी जास्त असेल तर वस्तू अधिक ताठ राहते.

पट्टी चपटी असते, म्हणून हे लगेच कळते. पण गोल काठीचे काय? ती सर्व बाजूंनी सारखीच वाकत असेल, असे आपल्याला वाटते. डहाणू-तलासरीच्या भागात बांबू सगळ्यांच्या ओळखीचा आहे. एक बांबू नीट पाहा. त्याच्या गाठीवर डोळा असतो. तेथून फांदी फुटते. त्या बाजूला वरचे पेर थोडे चपटे असते. बांबूची जाडीही सगळीकडे सारखी नसते. म्हणून गोल दिसणारी काठी एका दिशेला ताठ आणि दुसऱ्या दिशेला मऊ असू शकते. सर्वांत ताठ बाजूला काठीचा कणा म्हणतात. पाठीच्या कण्यासाठी वापरतात, तोच हा शब्द.

तिरंदाजाला या गोष्टीचे महत्त्व चांगले ठाऊक असते. दोरी सुटताच बाण क्षणभर वाकतो आणि मग सरळ होतो. प्रत्येक बाण वेगळा वाकला, तर नेम सारखा लागणार नाही. म्हणून लाकडी बाणांची ताठ बाजू नेहमी एकाच दिशेला ठेवतात.

गोल्फच्या खेळातही हाच प्रश्न येतो. मुंबईत या खेळाची संस्था १८४२ साली स्थापन झाली. गोल्फमध्ये लांब दांड्याच्या काठीने चेंडू मारतात. एका खेळाडूला जास्तीत जास्त १४ काठ्या जवळ ठेवता येतात. पूर्वी दांडे लाकडाचे असत. आता ते पोलादाचे किंवा कार्बनच्या धाग्यांचे असतात. पोलादी पट्टी वळवून, तिच्या कडा जोडून नळी करतात. कार्बनचे थर सळईभोवती गुंडाळतात. जेथे जोड येतो किंवा थराची कड येते, तेथे ताठपणा थोडा बदलू शकतो.

कणा शोधायचा कसा? दांड्याचे जाड टोक पकडीत घट्ट आवळतात. दुसरे टोक बाजूला ओढून सोडतात. टोक सरळ रेषेत हलले, तर ती दिशा कण्याची किंवा त्याच्या काटकोनातली, म्हणजे मऊ बाजूची असते. टोक गोल गोल फिरू लागले, तर दांडा थोडा फिरवून पुन्हा पाहतात. मग खूण करून सर्व काठ्यांचे कणे एकाच दिशेला बसवतात.

यात एक फसगत होऊ शकते. काही जण दांडा दोन बेअरिंगांत ठेवून मध्ये दाबतात. तो आपोआप फिरून एका जागी थांबतो. पण दांडा मुळातच थोडा वाकडा असेल, तर तो वाकडेपणामुळे फिरतो, ताठपणामुळे नव्हे. तुम्ही बांबूवर प्रयोग करा, तेव्हा हे ध्यानात ठेवा. काठीचे एक टोक टेबलावर घट्ट बांधा. दुसऱ्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा. मग तेथे अर्धा किलो वजन टांगून पुन्हा मोजा. दोन्ही उंचींतला फरक लिहा. काठी फिरवून हेच पुन्हा करा. फरक सर्वांत कमी येईल, तेथे कणा असतो. काठी वाकडी असली तरी ही रीत फसवत नाही.

चांगल्या दांड्यांत हा फरक फार थोडा असतो. खेळाचे नियमही स्पष्ट आहेत. दांडा कोणत्याही बाजूने सारखाच वाकला पाहिजे. राहिलेला किरकोळ फरक झाकून सर्व काठ्या एकसारख्या करण्यासाठी कणा जुळवता येतो. मात्र आपला वाकडा जाणारा चेंडू सरळ जावा, म्हणून कणा मुद्दाम फिरवून बसवणे नियमात बसत नाही. ती चूक खेळाडूने सरावानेच सुधारायची असते.

डोळ्यांना गोल दिसते, ते सगळीकडे सारखे असतेच असे नाही. म्हणून आधी मोजावे आणि मगच मत बनवावे.