संगणकाच्या पेटीतील खण

आपल्या बहुतेक सभासदांच्या पेढीवर खातेवहीची जागा आता संगणकाने घेतली आहे. वही ओलीपासून व वाळवीपासून कशी जपावी, हे आपणां सर्वांस ठाऊक होते. परंतु संगणकातील हिशेब पेटीत नेमका कोठे व कशाच्या आधारे राहतो, हे फारच थोडे पाहतात.

टेबलाखालच्या त्या उभ्या पेटीस आपण ‘सीपीयू’ म्हणतो, तो निव्वळ प्रघात होय. खरा सीपीयू आत असून तो तळहातावर मावतो. हिशेब साठतो डिस्कमध्ये, आणि डिस्क ज्या चौकटीत बसवितात तो पेटीचा खण.

खण सव्वापाच, साडेतीन व अडीच इंची म्हणून ओळखले जातात. मात्र फूटपट्टी लावून पाहाल तर हे आकडे जुळणार नाहीत. सव्वापाच इंची खण पावणेसहा इंच रुंद असतो. नाव पडले ते १९७६ साली निघालेल्या फ्लॉपीच्या मापावरून. साडेतीन इंची हार्ड डिस्क प्रत्यक्षात चार इंच रुंद भरते. गावोगावची पायली निराळी असे, असे वडीलधारे सांगत; त्यातलाच हा प्रकार.

हार्ड डिस्कमधील तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. वाचणारे टोक व तबकडी यांतील अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी असते. अशी डिस्क वायरींच्या आधारे लोंबकळत ठेवणे किंवा एकाच स्क्रूवर भागविणे म्हणजे वर्षाचा हिशेब वाऱ्यावर सोडणे होय. दोन्ही बाजूंस मिळून चार स्क्रू हवेत. रबराच्या चकत्या असल्यास कंप कमी होतो. स्क्रूही एकच नव्हेत. साडेतीन इंची डिस्कचे आटे जाड, अडीच इंचीचे बारीक. एकाचा दुसऱ्यात दामटल्यास आटे जातात. दोन डिस्का असल्यास मधला खण रिकामा सोडावा. वखारीत थप्प्यांमध्ये वाट ठेवतो ती काय उगीच?

एसएसडीत फिरते काही नसल्याने तिला कंपाची भीती नाही. एम-डॉट-टू जातीची तर २२ मिलिमीटर रुंद, बहुधा ८० मिलिमीटर लांब पट्टीच असते. ती खणाशिवाय मुख्य पाटीवरच एका स्क्रूने बसते. म्हणूनच काचेच्या दर्शनी बाजूच्या नव्या पेट्यांत खण एकदोनच उरले आहेत. दिवे सुरेख दिसतात खरे, पण दुसरी डिस्क ठेवावयास जागा आहे काय, हे घेण्यापूर्वी झाकण काढवून पाहावे. जीएसटीच्या कायद्यान्वये हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. एवढ्या काळात डिस्क दगा देणारच नाही, अशी हमी कोण देईल? यास्तव दुसऱ्या खणात प्रतीची डिस्क असावी, आणि आग वा चोरी यांसाठी तिसरी प्रत पेढीबाहेर, घरी असावी.

नव्या पेटीसोबत जादा स्क्रूंची पुडी येते. दुकानदाराकडून ती मागून घ्यावी व पेटीच्याच आत चिकटवून ठेवावी.