आधी मोजणी, मग मालकी

अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातले जमिनीचे तंटे माणसांच्या हावरेपणामुळे वाढले, असा समज आहे. हाव होतीच, पण लिंकन कुटुंबाची 30 वर्षे पाहिली, तर खरा दोष कायद्याच्या रचनेत सापडतो. अब्राहम लिंकनचे आजोबा 1786 मध्ये केंटकीत हल्ल्यात मारले गेले. मृत्युपत्र नव्हते. केंटकी तेव्हा व्हर्जिनियात होते आणि जमीन थोरल्या मुलाचीच, हा इंग्रजी वारसानियम तिथे चालू होता. सारी जमीन थोरल्या मोर्डेकायकडे गेली. अब्राहमचा पिता थॉमस याच्यासह धाकट्या भावंडांच्या हाती काही आले नाही. मुलामुलींना समान वाटा देणारा कायदा 1785 मध्येच मंजूर झाला होता, पण त्याचा अंमल 1787 पासून. काही महिन्यांच्या फरकाने थॉमस भूमिहीन ठरला.

पुढे त्याने स्वकष्टाने केंटकीत तीन शेते घेतली आणि तिन्हींत मोजणीचा किंवा हक्काचा वाद उभा राहिला. तिथे दावेदार आधी जमीन निवडी आणि मग मोजून घेई. ओक, ओढा, दगड या खुणा. शेजारच्या दाव्याशी ती हद्द ताडून पाहणारे कोणी नसल्याने एकाच जमिनीवर अनेक दावे चढत. अशाच खुणांवर जुन्या व्हर्जिनियाचा कारभार चालला नाही का? चालला, कारण 1662 च्या कायद्याने दर चार वर्षांनी शेजारी मिळून हद्द चालून पाहत. पण ही सामूहिक स्मृती पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या वस्तीत टिकते. केंटकीत बहुतेक सारे नवखे होते.

1785 च्या राष्ट्रीय जमीन अध्यादेशाने क्रम उलटा केला: सरकारने आधी सहा मैलांचे चौरस आखायचे, त्यात 640 एकरांचे 36 भाग पाडायचे आणि मगच विक्री. थॉमस 1816 मध्ये अशा मोजलेल्या इंडियानात गेला. या स्थलांतराला काही अंशी गुलामगिरी, पण मुख्यतः केंटकीतले मालकीहक्कांचे घोळ कारण होते, असे त्याच्या मुलानेच 1860 मध्ये लिहिले.

ही शिस्त ज्या भूमीवर आखली, ती डेलावेअर आणि पियांकेशॉ लोकांकडून 1804 च्या तहांनी काढून घेतलेली होती, हा आक्षेप मला खोडता येत नाही, खोडायचाही नाही. काटेकोर मोजणीने शेजाऱ्यांमधला तंटा मिटतो. मूळ मालकावरचा अन्याय मात्र ती पुसत नाही, उलट नकाशावर कायम करते. म्हणून बांध कुठे आहे हे विचारताना पहिली रेघ कोणाच्या जमिनीवर ओढली, हेही विचारलेच पाहिजे.