चर्चगेटची गर्दी आणि शटरचा वेळ : स्थानकावरील छायाचित्रणाविषयी काही विचार

प्रास्ताविक :
रेल्वे स्थानकावरील गर्दीचे छायाचित्र पाहताना ती गर्दी जशी होती तशीच कॅमेऱ्याने टिपली, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती कशी दिसावी हे बऱ्याच अंशी शटर किती वेळ उघडे राहिले यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात मुंबईच्या चर्चगेट स्थानकावरील काही छायाचित्रांच्या आधारे या प्रक्रियेचा विचार करावयाचा आहे. आमच्या जिल्ह्यातून शिक्षण व रोजगारासाठी तरुण मुंबई-पुण्याकडे जात असतात. त्या गर्दीत आपलेही कोणी असू शकते, म्हणून हा विषय वाशिमला वाटतो तितका दूरचा नाही.

शटर आणि चालणारा माणूस :
साधारण गतीने चालणारा माणूस एका सेकंदात सुमारे दीड मीटर अंतर कापतो. शटर १/५०० सेकंद उघडले तर तेवढ्या अवधीत तो जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो. त्याचा चेहरा, हातातील डबा, कपाळावरचा घामसुद्धा स्पष्ट उमटतो. तेच शटर पूर्ण सेकंदभर उघडे राहिले तर त्याच्या जागी धुरकट पट्टा उरतो. स्थिर असलेले मात्र जसेच्या तसे राहते. १८३८ मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसमधील एका हमरस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा काही मिनिटे प्रकाश घ्यावा लागला. परिणामी रस्त्यावरची सारी वर्दळ नाहीशी झाली आणि ओळखू येण्याजोगे राहिले ते बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक इसम व त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला. मुंबईच्या स्थानकांवरील बूटपॉलिशवाले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या योगायोगाची गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही.

चर्चगेट हे पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गाचे अखेरचे स्थानक होय. येथे लोकल पूर्ण रिकामी होते आणि थोड्याच वेळात पुन्हा भरून परत निघते. त्यामुळे गर्दी संथपणे न वाहता लाटांनी येते. १९९५ या एकाच वर्षी दोन थोर छायाचित्रकारांनी या लाटा टिपल्या आणि दोघांनीही शटरचा वेग मंद ठेवला. रघु राय यांच्या चित्रात धावपळीच्या धुक्यात वृत्तपत्र वाचणारे काही जण स्थिर दिसतात. दृष्टी साहजिकच त्यांच्यावर खिळते. ब्राझीलचे सेबास्टिओ साल्गादो (निधन २०२५) यांनी मात्र उंचावरून पाहिले. गाड्या स्थिर आहेत आणि माणसे प्रवाहासारखी वाहत आहेत. साल्गादो मूळचे अर्थशास्त्रज्ञ. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मायग्रेशन्स’ या ग्रंथाचा विषयच जगभरचे स्थलांतर हा होता. स्थलांतराचा आकार दाखवावयाचा तर चेहरे पुसले जाणे त्यांच्या दृष्टीने अपरिहार्य असावे. माझे मत विचाराल तर ते चित्र भव्य आहे, पण ज्याचा मुलगा त्या प्रवाहात आहे त्या बापाला त्यात काय सापडेल, हा प्रश्न मनातून जात नाही.

याच्या अगदी उलट मार्ग अनुश्री फडणवीस यांचा. त्यांनी रोजच्या प्रवासात महिलांच्या डब्यात मोबाइलने छायाचित्रे घेतली व ती इन्स्टाग्रामवर मालिकारूपाने प्रसिद्ध केली. तेथे उंची नाही, तिपाई नाही. समोर बसलेल्या बाईचा चेहरा आहे. पण चेहरा आला की संमतीचा प्रश्न येतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. धूसर आकृतीला हा प्रश्न सहसा पडत नाही, स्पष्ट चेहऱ्याला पडतो.

वाशिमचा फलाट :
परवानगी घेऊन आम्ही काही विद्यार्थ्यांसह पूर्णा–अकोला मार्गावरील आमच्या वाशिम स्थानकावर हाच प्रयोग करून पाहिला. शटर सेकंदभर उघडे ठेवले, तरी जवळजवळ सर्व माणसे स्पष्ट आली! कारण साधे आहे : चर्चगेटला थांबलेला माणूस अपवाद, तर आमच्याकडे थांबणे हाच नियम. गाड्या मोजक्या, लोक गाठोड्यांजवळ बसून असतात. गाडी आली तेव्हा दाराशी दोन मिनिटे झुंबड उडाली आणि तेवढेच चित्र काय ते धूसर झाले.

बाकावर बसलेल्या एका आजींनी मात्र विद्यार्थ्याला हटकले, “माहा फोटो कायले काढता रे बाबू?” त्याने कॅमेरा खाली ठेवला व त्यांच्याशेजारी बसला. त्या मुलाकडे पुण्याला निघाल्या होत्या. बोलणे झाल्यावर त्यांनी स्वतःच पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे पाहिले. चित्र सुरेख आले. परंतु त्याला स्थानकावरील सहज छायाचित्र म्हणता येईल काय, यावर दुसऱ्या दिवशी वर्गात एकमत झाले नाही.