कंबर कमकुवत म्हणजे किडनी खराब? चिनी वैद्यक नेमकं काय सांगतं?

जरा वेळ उभं राहिलं की कंबर भरून येते, आडवं झालं की बरं वाटतं. पारंपरिक चिनी वैद्यकात या तक्रारीचं कारण बहुतेकदा ‘शेन श्यू’, म्हणजे मूत्रपिंडाची दुर्बलता, असं सांगितलं जातं. पण याचा अर्थ किडनी निकामी झाली असा नाही.

‘शेन’ म्हणजे काय?
सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ ग्रंथात कंबर हे ‘शेन’चं घर मानलं आहे. हाडं, मज्जा, वाढ आणि प्रजनन हे सगळं ‘शेन’च्या अखत्यारीत येतं. त्यामुळे ‘शेन’ दुर्बल असूनही क्रिएटिनिनचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

प्रकार कसे ओळखतात?
हातपाय गार, रात्री वारंवार लघवी : ‘यांग’ कमी. रात्री घाम, तळहात-तळपायांची आग : ‘यिन’ कमी.

उपाय कोणते?
‘दूचुंग’ झाडाची साल, शेक आणि ॲक्युपंक्चर. जुनाट कंबरदुखीसाठीच्या उपायांत जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये ॲक्युपंक्चरचा समावेश केला. मात्र ‘शेन’च्या सिद्धांतावर तो शिक्का नव्हे.

सावधगिरी काय?
१९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत ॲरिस्टोलोकिया ही चिनी वनस्पती चुकून मिसळली गेली. त्यातून अनेक महिलांची मूत्रपिंडं खरोखर निकामी झाली. त्यामुळे ‘किडनीची ताकद वाढवणारी’ पुडी ऑनलाइन मागवू नका. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती गेली, तर थेट रुग्णालय गाठा.